लर्निंग लायसन्स दोनदा संपलं, स्कूटर तशीच उभी

पत्र

माझं वय ४७. सांगलीत विश्रामबागला राहते, एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघते. कुपवाडच्या शाखेची शाखाधिकारी होशील का, असं साहेबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ‘जायची-यायची सोय नाही’ म्हणून मी नाही म्हटलं. सध्या मिस्टर सकाळी सोडतात, संध्याकाळी आणतात. कुपवाड त्यांच्या वाटेवर नाही आणि रोज संध्याकाळी वडापची वाट बघत उभं राहणं मला नको वाटतं. घरात स्कूटर आहे. मुलगा पुण्याला गेल्यापासून ती बहुतेक उभीच असते. दोनदा लर्निंग लायसन्स काढलं, दोन्ही वेळा सहा महिने तसेच गेले. मुलाने सुट्टीत शिकवायला घेतलं, तिसऱ्या दिवशी गाडी कुंपणावर गेली, तो ओरडला, मी रडले, विषय संपला. शाळेत असताना मी रोज सायकलवर जायचे, हे आता कोणाला खरं वाटत नाही. घरी सासूबाई असतात, त्या म्हणतात, आता या वयात कशाला? दर सोमवारपासून सुरू करायचं ठरवते आणि दर सोमवारी काहीतरी निघतं. सगळं कळतं, वळत नाही. मी आळशी आहे की भित्री? मनाची तयारी कशी करू? आणि शिकायला हलकी नवी गाडी घ्यावी का?

— एक वाचक, सांगली

उत्तर

ताई,

आळशी माणूस लर्निंग लायसन्सचा अर्ज, फोटो, परीक्षा हे सगळं दोनदा करत नाही. तो शब्द आधी खोडा. भीती आहे, ती पत्रात दिसतेच. पण नुसती भीती असती तर पहिल्या लायसन्सनंतरच ‘मला नाही शिकायची’ म्हणून तुम्ही मोकळ्या झाला असता. तुम्हाला शिकायचंय आणि त्याच वेळी शिकायचं नाहीये. ही दोन्ही मतं तुमचीच आहेत, आणि त्यातल्या दुसऱ्या मताला आजवर कोणी बोलू दिलेलं नाही. माझ्या मते सगळं अडलंय ते तिथे.

आधी सोमवारचं बघू. रविवारी रात्री ठरतं. सकाळी पोटात गोळा येतो. तेवढ्यात पाहुणे, पाऊस, लवकर जायचंय असं काहीतरी सापडतं आणि ‘आज राहू दे’ म्हणताक्षणी गोळा विरघळतो. घात करतो तो हा सुटल्याचा आराम. टाळल्यावर बरं वाटलं, म्हणून पुढच्या वेळी टाळावंसं जास्त वाटतं. शिवाय गाडीवर बसले आणि काही वाईट झालं नाही, हा अनुभव यायची संधी दर वेळी हुकते. कुंपणाचंही तेच. गाडी कुंपणावर गेली हे फार बिघडलं नव्हतं. त्यानंतर पुन्हा एक साधी फेरी न मारता तिथेच थांबवलं, त्याने बिघडलं. त्या दिवशीची शेवटची आठवण कुंपणाची राहिली.

म्हणून मनाची तयारी होण्याची वाट बघू नका. ‘हे मला जमेल’ असा विश्वास कुठून येतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये केली. सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः केलेलं आणि जमलेलं काम, मग ते कितीही छोटं असो. त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं. दुसऱ्याने दिलेला धीर याहून कमजोर. मिस्टर दहा वेळा ‘जमेल गं तुला’ म्हणाले तरी काही हलत नाही, ते यामुळेच. मैदानावर तुमच्याच वयाची बाई गाडी शिकताना अर्धा तास बघितलीत तर त्याहून जास्त उपयोग होईल, आणि स्वतः पाच फूट गाडी ढकललीत तर त्याहूनही जास्त.

पण गाडीला हात लावायच्या आधी एक काम कागदावर करायचं आहे. हार्वर्डमध्ये बरीच वर्षं शिकवलेले रॉबर्ट केगन आणि लिसा लेही यांनी अशा अडलेल्या बदलांसाठी चार रकान्यांचा एक तक्ता तयार केला. वहीचं पान आडवं धरून चार उभे रकाने आखा. पाऊण तास मोकळा ठेवा, आणि घरात कोणी नसताना बसा.

पहिल्या रकान्यात काय करायचं ते एका ओळीत: ‘स्कूटरवरून एकटीने कुपवाडला जायचं.’ दुसऱ्यात, त्याच्या उलट तुम्ही प्रत्यक्ष काय करता किंवा करत नाही ते. इथे फक्त कृती लिहायच्या, स्वभाव लिहायचा नाही. ‘मी भित्री आहे’ चालणार नाही. ‘गजर बंद करते’, ‘कोणी शिकवतो म्हटलं की पुढच्या आठवड्यात बघू म्हणते’, ‘गाडीत पेट्रोल भरून घेत नाही’ हे चालेल. निदान पाच कृती निघायला हव्यात. दोनच निघाल्या तर तुम्ही स्वतःला वाचवताय असं समजा.

तिसरा रकाना खरा. दुसऱ्यातली एकेक ओळ घ्या आणि विचारा, याच्या उलट केलं तर मला कसली काळजी वाटेल? पहिलं उत्तर ‘पडेन’ असं येईल. ते खरं आहे, पण तिथे थांबू नका. आणखी काय, आणखी काय, असं निदान चार वेळा विचारा. चौथ्या वेळी जे येतं ते बहुधा लिहायला नको वाटतं, तेच लिहा. तुमच्या पत्रावरून मला काही अंदाज आहेत. चुकत असतील तर सोडून द्या.

एक, गाडी आली की दूध, गॅस, किराणा, सासूबाईंचा दवाखाना, सगळं माझ्याकडे येईल. ‘मला गाडी येत नाही’ या एका वाक्याने आज घरातली बरीच कामं दुसऱ्यांकडे ठेवली आहेत. दोन, सकाळ-संध्याकाळ मिस्टरांच्या मागे बसून जाताना जी पंधरा-वीस मिनिटं मिळतात, तेवढीच दोघांची. ती जातील. तीन, गल्लीत सगळ्यांसमोर पडले तर. पडण्याइतकंच बघणाऱ्यांचंही भय असतं. चार, आणि हा अंदाज जरा टोचेल: शाखाधिकारी झाले की थकबाकीची वसुली, तपासणी, सभासदांची भांडणं हे सगळं अंगावर येईल, आणि स्कूटर येत नाही हे त्याला छान उत्तर आहे.

हा चौथा अंदाज तपासायला एकच प्रश्न पुरे. उद्या तीच शाखा तुमच्या घराखाली आली, जिना उतरला की काम, तर पद घ्याल का? उत्तर लगेच ‘हो’ आलं तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. उत्तर रेंगाळलं तर तुमचा प्रश्न गाडीचा नसून पदाचा आहे. मग शाखेत नेमकं काय काम असतं, कर्जाची मंजुरी कुठपर्यंत आपल्या हातात असते, वसुलीला सोबत कोण असतं, हे आत्ताच्या शाखाधिकाऱ्यांकडे बसून विचारून घ्या. गाडी तरीही शिका, पण त्या नोकरीच्या नावाने नको.

चौथ्या रकान्यात, या सगळ्यामागे मी काय गृहीत धरलंय ते. ‘गाडी आली की घरची कामं माझ्याकडे येणारच.’ ‘मी सोबत गेले नाही तर आमचं बोलणं बंद होईल.’ असं लिहिलं की लक्षात येतं, यातली काही गृहीतकं तपासता येतात आणि काहींचा आधीच बंदोबस्त करता येतो.

कामांचा बंदोबस्त आधी करा, गाडी शिकल्यावर नाही. तेव्हा उशीर झालेला असतो. मिस्टर आणि सासूबाई दोघं असताना सांगा: ‘मी गाडी शिकतेय ती कामावर जायला. गॅस, किराणा, दवाखाना हे आत्ता ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच पहिले सहा महिने राहील. त्यानंतर बघू.’ आवाज चढवायचा नाही, कारणं द्यायची नाहीत, आणि ‘चालेल ना?’ असं शेवटी विचारायचं नाही. सासूबाईंचं ‘या वयात कशाला’ खोडत बसू नका. ‘हो, जरा उशीरच झाला’ म्हणा आणि चावी उचला. वाद घातला की त्या त्यांच्या मताला आणखी चिकटतील आणि तुमची सकाळ वादात जाईल. मिस्टरांशी मात्र वेगळं बोला. तुम्ही शिकलात तर त्यांचंही काहीतरी जातं, हे बहुतेक घरांत कोणी उच्चारत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून ठेवा, त्या दिवशी गाडी घरी, दोघं एकत्र परत.

आता शिकवायचं कोणी? मुलगा नको, मिस्टरही नकोत. त्यांच्यात काही कमी आहे म्हणून नाही. ज्याला गाडी वर्षानुवर्षं येते त्याच्या मनगटाला सगळं माहीत असतं आणि तोंडाला काही सांगता येत नाही. म्हणून तो ‘अगं ब्रेक दाब ना’ एवढंच ओरडतो. शिवाय घरच्या माणसासमोर चुकलं की ती चूक जेवणाच्या ताटापर्यंत येते. बायकांना स्कूटर शिकवणाऱ्या बाया आता बहुतेक शहरांत आहेत. पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवून शिकवता का? आणि मागे बसून हँडल धरता का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ हवं, दुसऱ्याचं ‘नाही’. मागून हँडल धरलं की तोल शिकवणारीचा असतो, तुम्ही नुसत्या पुढे बसलेल्या असता. चार दिवसांनी ती उतरते आणि आपण पुन्हा पहिल्या दिवशी येतो.

शिकण्याच्या पायऱ्या तुम्ही स्वतः आखायच्या. जोसेफ वोल्पी या मनोविकारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात भीतीवर काम करताना शून्य ते शंभर अशी मोजपट्टी वापरली: शून्य म्हणजे निवांत, शंभर म्हणजे याहून जास्त भीती असूच शकत नाही. गाडीशी संबंधित दहा-बारा प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला तुमचा आकडा द्या. गाडी स्टँडवरून काढणं १५, मैदानात सरळ चालवणं ४०, गल्लीतून डावीकडे वळणं ५५, सांगली-मिरज रस्त्यावर संध्याकाळी ९५, असं काहीतरी येईल. नियम दोन. सुरुवात ज्या पायरीचा आकडा ३० च्या आत आहे तिने. आणि एका पायरीचा आकडा निम्म्यावर आल्याशिवाय पुढची नाही. मुलाने तुम्हाला पहिल्याच दिवशी साठच्या पायरीवर नेलं असणार. तिथे रडू येणं साहजिक आहे.

पहिले दोन-तीन दिवस इंजिन बंद. हेल्मेट मात्र तेव्हाही, आयएसआय खुणेचं आणि पट्टा लावून. म्हणजे हेल्मेटमधून ऐकू येणं, बाजूचं कमी दिसणं याची सवय आधीच होते. चप्पल नको, मागे बंद असलेला बूट किंवा सँडल. ओढणी मागे गाठ मारून किंवा घरीच ठेवून. ओढणीचं टोक मागच्या चाकात जाणं हा खरा धोका आहे. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून तिला ढकलत मैदानाची एक फेरी मारा, वळवा, मुख्य स्टँडवर लावा, काढा. अशा गाड्यांचं वजन साधारण १०० ते ११० किलो असतं, पण ती सरळ उभी असेल तर हातावर त्यातलं फारसं येत नाही. ती कलली की वजन येतं. किती कलेपर्यंत आपण सावरू शकतो हे हाताला कळलं की निम्मी भीती तिथेच जाते. मग सीटवर बसून, दोन्ही पाय जमिनीला लावून, पायांनी रेटत चला. हलका उतार असेल तर दोन सेकंद पाय उचला आणि डाव्या ब्रेकने थांबा. तुम्ही सायकल चालवलेली आहे, त्यामुळे तोल तुमच्याकडे आहेच. तो विसरत नाही. नवीन काय ते उजवं मनगट आणि वजन.

इंजिन सुरू केल्यावर जे चुकतं ते बहुतेकांचं एकच असतं, आणि तुमची गाडी कुंपणावर गेली तीही बहुधा यानेच. ॲक्सिलरेटर थोडा जास्त फिरतो, गाडी पुढे उसळते, शरीर मागे फेकलं जातं, हात हँडलला लटकतात आणि लटकल्यामुळे मनगट आणखी आपल्याकडे फिरतं. म्हणजे घाबरून घट्ट धरावं तितकी गाडी जोरात पळते. ‘ब्रेक दाब’ हे तेव्हा कानात शिरत नाही, कारण मूठ आधीच आवळलेली असते. यावर उपाय बसण्यात आहेत. सीटवर जरा पुढे सरकून बसा, कोपरं वाकलेली ठेवा. ॲक्सिलरेटर धरताना मनगट सुरुवातीलाच खाली झुकलेलं ठेवा, म्हणजे ते आणखी खाली फिरायला जागाच कमी उरते. डाव्या हाताची दोन बोटं कायम ब्रेकच्या दांडीवर. आणि पंचवीस वेळा फक्त एवढंच करा: गाडी मुख्य स्टँडवर, इंजिन बंद, ॲक्सिलरेटर किंचित फिरवा, कोणीतरी टाळी वाजवली की सोडा आणि ब्रेक दाबा. ‘सोडा’ आधी, ‘ब्रेक’ नंतर. हे कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही, आणि त्याचीच किंमत मोजतात.

मग चालण्याच्या वेगाने सरळ तीस-चाळीस पावलं, आणि जमिनीवर आखलेल्या खडूच्या रेघेवर थांबणं. पाय आधी टेकवून गाडी थांबवू नका. गाडी ब्रेकने थांबते, पाय थांबल्यानंतर टेकतो. उलट झालं तर घोट्याला हिसका बसतो. रेघेच्या आतबाहेर एका वितीत दहापैकी आठ वेळा थांबता आलं की वळणं घ्या. आधी मोठे गोल, मग लहान, मग आठचा आकडा. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेत तोच काढायला लावतात, पाय न टेकवता. वळताना नजर चाकापुढच्या जमिनीवर ठेवली की गाडी डुगडुगते. जिथे जायचंय तिथे, आठ-दहा पावलं पुढे बघा. उजवं वळण बहुतेकांना जड जातं, कारण ॲक्सिलरेटरचा हात पोटाकडे येतो आणि आकसतो. त्याचा सराव दुप्पट करा. हँडल वळलेलं असताना हळू वेगात उजवा, म्हणजे पुढचा, ब्रेक कचकन दाबू नका. मैदानातल्या मातीवर पडायचा हा हमखास रस्ता आहे.

रस्त्यावर जायची वेळ आली की सकाळी साडेसहा ही वेळ आणि फक्त डावी वळणं असलेला मार्ग. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे डावीकडे वळताना समोरून येणारी वाहनं आडवी येत नाहीत. आपल्या चौकोनी गल्ल्यांना डावी, डावी, डावी, डावी असं वळत घरी परत येता येतं. आठवडाभर एवढंच. मग एक उजवं वळण घाला, मग दोन, मग सिग्नलचा चौक, मग चढावर थांबून पुन्हा निघणं. मिरज रस्ता सर्वांत शेवटी. मागे माणूस बसवणं त्याच्याही नंतर. लर्निंग लायसन्सवर मागे शिकवणाऱ्या लायसन्सधारकाशिवाय कोणाला बसवता येत नाही, आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल अक्षरात ‘एल’ हवा. तोपर्यंत रस्त्यावर एकटीने जाऊ नका, शिकवणाऱ्या बाई सोबत हव्यात.

किती वेळ? आठवड्यातून पाच दिवस, रोज २० ते २५ मिनिटं. रविवारी सलग दोन तास नको. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना कीबोर्डवर टंकलेखन शिकायचं होतं. दिवसाला एकच तास सराव करणाऱ्यांना तेवढंच कौशल्य यायला एकूण तास कमी लागले, दिवसाला चार तास करणाऱ्यांना जास्त. गंमत अशी की सर्वांत कमी समाधानी होते ते एक तासवालेच, कारण दिवसांच्या हिशेबाने आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. तुम्हालाही दुसऱ्या आठवड्यात नेमकं असंच वाटेल. ‘काहीच पुढे सरकत नाही’ असं वाटलं की वहीत बघा. रोज एक ओळ लिहायची: पायरी कोणती, सुरू करताना भीतीचा आकडा किती, संपवताना किती. मनाला प्रगती दिसत नाही, आकड्यांत दिसते. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकाल, ते सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. साधी नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यात निघालं, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून अंदाजे २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून सोमवार चुकला तर मंगळवारी जा. पुढच्या सोमवारची वाट बघणं हा टाळण्याचाच सभ्य प्रकार आहे.

‘सोमवारपासून रोज’ हा ठराव मोडायलाच केलेला असतो. त्याऐवजी ‘अमुक झालं की तमुक करेन’ असं वाक्य करा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून आलेली ही साधी युक्ती आहे. ‘सकाळचा चहा संपवून कप विसळला की हेल्मेट घालेन.’ ‘पोटात गोळा आला की गाडीपर्यंत जाऊन पाच मिनिटं नुसती बसेन, मग ठरवेन.’ दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं, कारण ते बरोबर त्या क्षणी हात देतं जिथे दर वेळी सुटका घेतली जाते. पाच मिनिटांनंतर परत यायची पूर्ण मुभा ठेवा. बहुतेक दिवशी तुम्ही परत येणार नाही. हेल्मेट आणि चावी आदल्या रात्री दाराशी ठेवा. गाडीत पेट्रोल आठवड्याचं भरून घ्या, मिस्टरांना हे एवढं काम जरूर सांगा.

पडलात तर? हळू वेगात मैदानात एकदा तरी गाडी आडवी होईल असं धरूनच चला. गाडी पडू लागली की तिला पेलू नका, हँडल सोडून बाजूला व्हा. पाय गाडीखाली घालून ती वाचवायला गेलं की दुखापत होते. आधी चावी बंद, मग स्वतःला तपासा, मग गाडी. उचलताना दोन माणसं. खरचटण्यापलीकडे काही नसेल तर त्याच दिवशी घरी जायच्या आधी दोन पायऱ्या खालची एक सोपी गोष्ट करा. फक्त ढकलत एक फेरी का होईना. मघाशी कुंपणाबद्दल जे म्हटलं ते यासाठी. डोकं आपटलं, मळमळ, चक्कर, हाडात दुखणं असेल तर मात्र यातलं काही नको, थेट डॉक्टर.

कागदपत्रांचा उपयोग यावेळी वेळापत्रकासारखा करा. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. मागच्या दोन वेळा तुम्ही लायसन्स आधी काढलं आणि गाडी नंतर बघितली. या खेपेला उलटं करा. इंजिन बंद ठेवून करायच्या पायऱ्या आधी मैदानात पूर्ण करा आणि त्या आठवड्यात अर्ज भरा. परीक्षेची तारीख साधारण दहाव्या आठवड्याची घ्या, सहाव्या महिन्याची नको. चाळिशीनंतर डॉक्टरांकडून फॉर्म १-ए भरून घ्यावा लागतो, तेव्हाच चष्म्याचा नंबरही तपासून घ्या. जुना नंबर असेल तर अंतराचा अंदाज चुकतो आणि आपण त्याला भीती म्हणत बसतो.

साहेबांना आज होही म्हणू नका आणि नाहीही. ‘मला पद हवंय, तीन महिन्यांत माझी जायची-यायची सोय होईल, तोवर थांबता येईल का?’ असं विचारा. थांबता येणार नाही म्हणाले तर पहिले दोन-तीन महिने रिक्षा ठरवून जाण्याचा खर्च काढा आणि पगारातल्या वाढीशी ताडून बघा. दोनदा ‘सोय नाही’ म्हणताना हा हिशेब तुम्ही केला होता का? केला नसेल तर तिसऱ्या रकान्याकडे परत एकदा जा.

नवी गाडी आत्ता नको. शिकताना गाडीला ओरखडे पडणारच. नव्या गाडीवरचा पहिला ओरखडा घरात आठवडाभर चर्चेला येतो, आणि तेवढ्यावर तुम्ही तिसऱ्यांदा थांबाल. घरची गाडी बराच काळ उभी आहे, म्हणून मेकॅनिककडून चार गोष्टी करून घ्या. बॅटरी तपासणं आणि दोन्ही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा. दोन्ही ब्रेकच्या दांड्यांना साधारण १ ते २ सेंटिमीटर मोकळी हालचाल. ॲक्सिलरेटरला काही मिलिमीटर ढिलेपणा, आणि सोडल्यावर तो झटकन परत यायला हवा. चौथी, आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न फिरवता इंजिन ज्या वेगाने चालू राहतं तो वेग. ते वाढलेलं असेल तर ब्रेक सोडताच गाडी आपोआप पुढे सरकते, आणि शिकणाऱ्या बाईला वाटतं, माझंच काहीतरी चुकतंय. शेवटी सीटवर बसून दोन्ही पावलांचा पुढचा अर्धा भाग तरी जमिनीला टेकतोय का बघा. टेकत नसेल तर सीट शिवणाऱ्याकडून फोम थोडा कापून घेता येतो. त्याला बोटाएवढाच कापायला सांगा. एकदम जास्त कापला तर खालची पाटी टोचते आणि अर्ध्या तासात कंबर धरते.